काजळी कोणाच्या वाट्याची?

खंबाटकीचा घाट चढताना दुसऱ्या वळणावर माझी गाडी बसली. बंद नाही पडली, नुसती बसली. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला, इंजिन ओरडतंय आणि काटा तिसाच्या खाली. मागे सिमेंटचा टँकर हॉर्नवर हॉर्न देत होता. पुढे एक ट्रक काळा धूर सोडत चालला होता आणि त्याला ओलांडायची ताकद आमच्यात नव्हती. शेजारी बाबा होते. त्यांनी न बोलता काच वर केली, समोरचा कप्पा उघडून इनहेलर काढला, दोनदा ओढला, परत ठेवला. मग म्हणाले, "पिकअप गेला हिचा."

गाडी २०११ची. डिझेल, टर्बो, एमएच-१२ पासिंग. बाबा एसटीच्या डेपोत स्टोअरमध्ये होते. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी आयुष्यात केलेली ही एकमेव चैन. आता गाडी मी चालवतो, पण ती 'बाबांची गाडी'च आहे. त्यामुळे तिला काही झालं की घरात कोणी आजारी असल्यासारखं वातावरण असतं.

गावाहून परत आल्यावर मी आधी माझ्या पद्धतीने तपास केला. सहाशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर गाडीला लावला आणि फोनवरच्या ॲपमध्ये आकडे बघत बसलो. डिझेल इंजिनात टर्बो हवा दाबून आत ढकलतो. किती दाब तयार झाला, हे एक सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो आणि त्या हिशोबाने कॉम्प्युटर डिझेल सोडतो. हवा कमी असताना डिझेल जास्त सोडलं तर नुसता काळा धूर होईल, म्हणून तो जपून असतो. किल्ली फिरवली, इंजिन सुरू केलं नाही, तेव्हा आकडा ९५ किलोपास्कलच्या आसपास होता. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, म्हणजे बरोबर. पण गाडी रस्त्यावर काढून जोर दिला की आकडा लगेच वाढायचाच नाही. टर्बोची शीळ ऐकू यायची, पण फोनवरचा आकडा तीन-चार सेकंदांनी, रेंगाळत, १२०पर्यंत यायचा आणि तिथेच थांबायचा.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा. हे दुखणं मला ओळखीचं वाटलं. काम होतंय, पण त्याची बातमी पोचत नाहीये.

* * *

गॅरेजमधल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि दोन मिनिटांत माझा एक तासाचा तपास एका वाक्यात सांगितला. "बूस्टची नळी जाम झालीये, साहेब."

मॅनिफोल्ड म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणारा ॲल्युमिनियमचा डबा. त्याच्यापासून सेन्सरपर्यंत करंगळीपेक्षा बारीक एक रबरी नळी जाते. त्यांनी ती ओढून काढली आणि मला दाखवली. भोक दिसतच नव्हतं. डांबर भरल्यासारखं काहीतरी होतं.

"नळी बदलतो, निपल साफ करतो. दीडशे रुपये द्या. पण परत भरणार बघा. आत सगळा मॅनिफोल्ड असाच असेल. काजळी येते ती ईजीआरमधून." मग त्यांनी आवाज जरा खाली आणला. "त्यापेक्षा ईजीआरला पत्रा मारून टाकू. आठशे रुपये. परत कधी काजळी नाही. ॲव्हरेज वाढेल, पिकअप वाढेल."

"दिवा लागेल ना मग?"

"लागला तर एक पोरगा येतो लॅपटॉप घेऊन. तुमच्याच लाइनीतला. सॉफ्टवेअर मारून देतो, दिवा बंद."

तुमच्याच लाइनीतला. हे त्यांनी सहज म्हटलं होतं.

"आणि पीयूसी?"

मिस्त्री हसले. "पीयूसीला काय कळतंय त्यातलं?"

मी "विचार करून सांगतो" म्हणालो. आठशे रुपयांच्या कामासाठी विचार करून सांगतो म्हणणारं गिऱ्हाईक त्यांना बहुधा पहिल्यांदाच भेटलं असावं. तेवढ्यापुरती नळी बदलून मी घरी आलो आणि आठवडाभर खरंच विचार करत बसलो.

* * *

पत्रा मारायचा म्हणजे नक्की काय करायचं, हे आधी समजून घ्यायला हवं.

आपण श्वासात घेतो त्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. एरवी हे दोघे एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. पण इंजिनाच्या आत जळण्याचं तापमान फार चढलं की ते एकत्र येतात आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. त्यातला नायट्रोजन डायऑक्साइड फुप्फुसांना त्रास देतो. दमा असलेल्यांना जास्तच. उन्हात इतर वायूंशी मिळून त्यांच्यापासून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो, तोही तसाच. आणि रस्त्यावर हे काही डोळ्यांना दिसत नाही. काळा धूर दिसतो, हे दिसत नाही.

याला उपाय म्हणून इंजिनिअरांनी एक गमतीशीर गोष्ट केली. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराचा काही भाग वळवून परत इंजिनालाच श्वासात घ्यायला लावला. या धुरात ऑक्सिजन कमी असतो, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ जास्त. त्यामुळे जळणं थोडं थंड होतं आणि तो विषारी वायू कमी तयार होतो. हेच काम करणारी झडप म्हणजे ईजीआर.

पण फुकट काहीच नसतं. परत येणाऱ्या धुराबरोबर काजळी येते. इंजिनाच्या पोटातून तेलाची वाफ येते, ती टर्बोच्या आधीच हवेत मिसळलेली असते. तेल आणि काजळी जिथे भेटतात तिथे थर जमायला लागतो. वर्षानुवर्षं. मॅनिफोल्डचं तोंड बारीक होत जातं आणि सगळ्यात बारीक वाट, म्हणजे ती बूस्टची नळी, सगळ्यात आधी बुजते.

अजून एक गोष्ट मला तेव्हा कळली आणि तीच सगळ्यात जास्त टोचली. घाटात आपण पूर्ण जोर देतो तेव्हा ईजीआर साधारण बंदच असते. ती काम करते सावकाश, कमी जोरावर गाडी चालत असताना. म्हणजे सिग्नलवर, शाळेसमोर, बाजारात. नेमकी जिथे माणसं असतात तिथे.

म्हणजे त्या नळीतली काजळी हा बिघाड नव्हताच. इंजिन आपल्या धुराचा थोडा वाटा स्वतः गिळत होतं, त्याची ती खूण होती. पत्रा मारला की इंजिन स्वच्छ राहणार, नळी स्वच्छ राहणार आणि तो वाटा बाहेरच्यांना जाणार.

* * *

पीयूसीबद्दल मिस्त्री खरं बोलत होते. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात. सायलेन्सरमध्ये नळी घालतात, ॲक्सिलरेटर दाबायला सांगतात आणि धुरातून प्रकाश किती आरपार जातो ते बघतात. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा त्यात प्रश्नच येत नाही. ईजीआर बंद केल्यावर काजळी कमी होते, म्हणजे उलट निकाल सुधारायचीच शक्यता. मी हवा जास्त बिघडवणार आणि प्रमाणपत्र मला आधीपेक्षा चांगलं मिळणार.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या दुसऱ्या भागात ग्लॉकॉन एक गोष्ट सांगतो. गायजेसच्या घराण्यातली. एका मेंढपाळाला अंगठी सापडते, तिचा खडा आत फिरवला की तो अदृश्य होतो. मग तो काय करतो? राणीला फितवतो, राजाला मारतो, राज्य घेतो. ग्लॉकॉनचा प्रश्न असा, की पकडलं जाण्याची भीतीच नसेल तर कोणी सरळ का वागेल? कॉलेजात असताना ही गोष्ट एका पॉडकास्टवर ऐकली तेव्हा वाटलं होतं, अशी अंगठी असती तर मजा आली असती. ती आठशे रुपयांत मिळते आणि पत्र्याची असते, हे माहीत नव्हतं.

आमच्या क्षेत्रात या अंगठीचं एक मोठं प्रकरण झालं आहे. १८ सप्टेंबर २०१५ला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगनला नोटीस दिली. त्यांच्या डिझेल गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये एक तपासणी लिहिलेली होती. स्टिअरिंग कसं फिरतंय, वेग काय आहे, इंजिन किती वेळ चालू आहे, हवेचा दाब किती, हे पाहून गाडी ओळखायची की आपली चाचणी चालली आहे. चाचणीत ती सभ्य वागायची. रस्त्यावर आली की तिच्यातून मर्यादेच्या चाळीस पटीपर्यंत नायट्रोजनची ऑक्साइडं बाहेर पडायची. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. हे उघडकीला यायला कारण झाली वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातली काही संशोधक मंडळी. त्यांनी मोजायची यंत्रं गाडीच्या मागे बांधली आणि प्रयोगशाळेत न थांबता सरळ रस्त्यावर गाडी चालवली.

हे वाचताना आपण लगेच 'कंपन्या अशाच' म्हणून मोकळे होतो. पण ती तपासणी कोणीतरी कीबोर्डवर बसून लिहिली. पुढे ऑगस्ट २०१७मध्ये अमेरिकी न्यायालयाने त्यातल्या एका इंजिनिअरला ४० महिन्यांची कैद सुनावली. तो काही खलनायक वगैरे नसणार. गाडीला ताकद हवी, ॲव्हरेज हवं, खर्च वाढता कामा नये आणि चाचणीही पास व्हायला हवी. हे सगळं एकत्र बसत नव्हतं, तेव्हा त्याने आणि त्याच्याबरोबरच्यांनी चाचणीपुरतं बसवलं.

मला हे इतकं खात्रीने कसं म्हणता येतं, ते सांगतो.

* * *

मी आधी एका कंपनीत होतो. आमची यंत्रणा लोकांना मेसेज पाठवायची. एका तपासणी लॅबचं काम होतं, वेळेत बदल झाला की पेशंटला कळवायचं. मेसेज रांगेत पाच मिनिटांपेक्षा जास्त अडकले तर धोक्याची सूचना वाजायची. ती रोज पहाटे तीनला वाजायला लागली आणि उठायची पाळी माझी होती. दोन आठवडे उठलो. कारण शोधायला वेळ हवा होता, तो कोणी देत नव्हतं. पंधराव्या रात्री मी एका ओळीतला ५ खोडून तिथे ६० लिहिले.

दुसऱ्या दिवसापासून शांतता. मॅनेजर खूश झाले. टीमच्या चॅटवर कोणीतरी टाळ्यांची इमोजी टाकली. खोटं मी कुठेच बोललो नव्हतो. कोणी विचारलंच नव्हतं.

दीडेक महिन्याने एक तक्रार फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. कोणा मुलीने लिहिली होती. तिची आई शुगरची तपासणी करायला उपाशीपोटी सकाळी सातला लॅबवर पोचली होती. वेळ बदलून दहा केल्याचा मेसेज तिला पोचला आठला. बाई मधुमेहाची पेशंट. तिथेच बाकावर तिला चक्कर आली. पुढे काही गंभीर झालं नाही, असं तक्रारीतच लिहिलं होतं.

मी तो आकडा परत ५ केला आणि मग दोन दिवस बसून मूळ कारण शोधलं. सापडलं, दुरुस्तही झालं. पण ६० मी लिहिले होते, हे मी त्या कंपनीत कोणालाही सांगितलं नाही. इथे पहिल्यांदा लिहितोय.

म्हणून "सॉफ्टवेअर मारून देतो, दिवा बंद" हे वाक्य ऐकल्यावर मला हसू आलं नाही. लॅपटॉप घेऊन येणारा तो पोरगा खरंच माझ्या लाइनीतला होता. मीही एक दिवा बंद केला होता.

* * *

आता तुम्ही म्हणाल, एका गाडीने काय होतंय? घाटात पुढे तो ट्रक होता ना.

हिशोब मीही केला. बीएस-४ डिझेल कारला नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅम. मी वर्षाला आठ हजार किलोमीटर फिरतो. म्हणजे कागदावर वर्षाला दोन किलो. बीएस-६ गाडीला हीच मर्यादा ०.०८ ग्रॅम आहे. पत्रा मारल्यावर माझे दोनाचे चार होतील असं धरू. पुण्याच्या हवेत दोन किलो जास्त. ते कोणाच्या छातीत किती गेलं हे जगातला कोणताही डॉक्टर दाखवू शकणार नाही. एकाचाही खोकला माझ्या नावावर लागणार नाही.

नेमक्या याच विचाराबद्दल डेरेक पारफिट या इंग्रज तत्त्वज्ञाने १९८४च्या 'रीझन्स अँड पर्सन्स' या पुस्तकात लिहिलं आहे. तो म्हणतो, कल्पना करा, हजार कैदी आहेत आणि त्यांचा छळ करणारे हजार जण. पूर्वी प्रत्येक जण आपापल्या एका कैद्याला भयंकर वेदना द्यायचा. आता पद्धत बदलली. प्रत्येक जण एक बटण दाबतो आणि त्याने हजारही कैद्यांची वेदना अगदी एका घराने वाढते, इतकी थोडी की कोणाला जाणवणारसुद्धा नाही. हजार जणांनी बटण दाबलं की प्रत्येक कैद्याला आधीइतकीच वेदना होते. पण प्रत्येक छळ करणारा म्हणू शकतो, माझ्यामुळे कोणालाही काही जाणवलं नाही. आणि ते खरंही असतं.

मला यातलं पटलं ते असं, की 'माझ्याने काय फरक पडतो' हा प्रश्न मोजमापाचा वाटतो, पण बऱ्याचदा तो लपण्याचा असतो. मी स्वतःला गर्दीत उभं करतो म्हणजे माझं बटण दिसू नये. गॅरेजमध्ये "सगळे हेच करतात" हे वाक्य दिलासा म्हणून सांगितलं जातं. पारफिटची गोष्ट वाचली की तेच वाक्य आरोपासारखं ऐकू येतं. सगळे हेच करतात, म्हणूनच तर खोकला आहे.

* * *

पण इथे थांबलो तर मी अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

त्या आठवड्यात परत गॅरेजवर गेलो तेव्हा एक टॅक्सीवाले दादा बसले होते. एअरपोर्टच्या फेऱ्या करायचे. माझ्यासारखीच जुनी डिझेल गाडी. त्यांनी पत्रा कधीच मारला होता. मी विचारलं तर सरळ म्हणाले, "एक दिवस गाडी उभी राहिली तर दोन हजार जातात. बँकेचा हप्ता थांबतो का?"

त्यांना काय सांगणार होतो? प्लेटो?

लहानपणी श्रावणी सोमवारी आई खुलभर दुधाची कहाणी वाचायची. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा असतो. दवंडी पिटतात, सगळ्यांनी घरातलं सगळं दूध आणायचं. लोक वासरांना, पोरांना न देता सगळं दूध आणून ओततात, तरी गाभारा भरत नाही. मग एक म्हातारी येते. तिने आधी वासरांना पाजलेलं असतं, मुलाबाळांना दिलेलं असतं. उरलेलं खुलभर दूध ती ओतते आणि गाभारा भरतो.

त्या टॅक्सीवाल्या दादांकडे बघताना मला ही कहाणी आठवली. घरच्यांच्या तोंडचं काढून सार्वजनिक गाभारा भरा, असं त्यांना सांगण्याचा अधिकार मला नाही. त्यांना परवडेल अशी व्यवस्था करणं, जे मोजायला हवं ते मोजणारी चाचणी आणणं, हे काम त्यांच्या एकट्याच्या माथी मारता येणार नाही.

पण कहाणीची दुसरी बाजू माझ्याकडे बोट दाखवत होती. माझी वासरं पाजून झालेली होती. मला शनिवार-रविवार सुट्टी असते. माझी गाडी चार दिवस उभी राहिली तर मी मेट्रोने जातो. टॅक्सीवाल्या दादांची अडचण खरी होती, पण ती मला उसनी घेता येत नव्हती. आपण बरेचदा हेच करतो. गरजवंताचं कारण पुढे करतो आणि सोय आपली बघतो.

* * *

मी मिस्त्रींना म्हणालो, "पत्रा नको. मॅनिफोल्ड खोलून साफ करू."

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग आत स्कूटरचं चाक खोलत बसलेल्या पोराकडे मान वळवली. सतरा-अठरा वर्षांचा असेल. "खोलून देतो, बसवून देतो. घासायचं तुमचं तुम्ही. माझ्या पोराला दिवसभर त्यात हात घालून बसवणार नाही मी."

मला हे आधी सुचलंच नव्हतं. 'साफ करू' म्हणताना माझ्या मनात जे हात होते ते माझे नव्हतेच.

शनिवारी सकाळी मॅनिफोल्ड, ईजीआरची झडप आणि दोन पाइप गोणीत घालून घरी आणले. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वर्तमानपत्रं पसरली. बाबा खुर्ची घेऊन खाली आले. आठवडाभर ते मला सांगत होते, "लाव की पत्रा. आमच्या गाड्यांना कुठे होतं हे असलं? लाख लाख किलोमीटर पळायच्या." पण काम सुरू झाल्यावर त्यांच्यातला स्टोअरकीपर जागा झाला.

"कॉस्टिक सोडा घालशील बिलशील. ॲल्युमिनियम खातो तो."

मॅनिफोल्डच्या तोंडात डोकावलो. जिथे दोन बोटं जायला हवीत तिथे करंगळी जात नव्हती. काळा, मऊ, चकचकीत थर. रात्रभर डिझेलमध्ये भिजवला. रविवारी जुन्या स्क्रूड्रायव्हरने खरवडायला बसलो. थर ढेकळांनी निघायचा, त्याच्याखाली अजून एक थर. मग बाटली धुवायचा ब्रश, मग गरम पाणी आणि भांड्यांचा साबण, मग परत डिझेल. निपलमध्ये सायकलच्या ब्रेकची तार घातली, कार्ब क्लीनर मारला आणि फुंकर मारली. काही नाही. परत फुंकर मारली. तिसऱ्यांदा अळीसारखं काहीतरी काळं बाहेर आलं आणि हवा पलीकडे गेली. बाबा म्हणाले, "गेली!"

त्यांना त्या क्षणी झालेला आनंद बघून वाटलं, छातीत अडकलेलं सुटण्याचं सुख त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत असणार. हे मी त्यांना म्हटलं नाही.

सगळं कोरडं करायला दोन तास उन्हात ठेवलं. आत डिझेल किंवा तेल राहिलं तर इंजिन तेच ओढून बेफाम पळू शकतं, म्हणून मिस्त्रींनी बजावून ठेवलं होतं. नखांतली काजळी पुढचे आठ दिवस गेली नाही. सोमवारी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेऱ्यासमोर मी हात खालीच ठेवले होते.

* * *

खरी गंमत त्याच संध्याकाळी झाली. भिजलेली फडकी, काळी वर्तमानपत्रं, खरवडलेला लगदा हे सगळं एका पिशवीत बांधलं आणि सवयीप्रमाणे कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवलं. सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी बेल वाजवली. हातात तीच पिशवी, खालून गळत होती.

"दादा, हे काय आहे काळं? ओल्यात का सुक्यात?"

मला उत्तर देता आलं नाही.

"हाताला लागलंय. निघंल का हे?"

मी त्यांना साबण दिला आणि पिशवी परत घेतली. बेसिनमधून काळं पाणी जात होतं. मी दारात उभा होतो. आठवडाभराचा विचार, प्लेटो, पारफिट, दोन दिवसांची घासाघीस, आणि शेवटी काजळी पोचली होती ती त्यांच्या हातांवर. एक पत्रा मी मारला नव्हता, पण दुसरा माझ्या नकळत आधीपासूनच मारलेला होता. आपल्या घरातली घाण दाराबाहेर गेली की संपली, असं मानण्याचा. आपल्याकडे तर ती कोणी उचलायची हे माणूस जन्मायच्या आधीच ठरवून ठेवलेलं होतं आणि आजही ते फारसं बदललेलं नाही.

मला वाटतं, घाण साफ होते हा शब्दप्रयोगच थोडा फसवा आहे. घाण बहुतेक वेळा फक्त जागा बदलते. माझ्या नळीतून लोकांच्या हवेत, माझ्या रात्रपाळीतून त्या बाईच्या सकाळीत, माझ्या हातांवरून कचरा नेणाऱ्या ताईंच्या हातांवर. तिचा वाटा शून्य करणं मला जमलेलं नाही. मुळात पंधरा वर्षं जुनी डिझेल गाडी ठेवणाऱ्याने त्याबद्दल फार बोलूही नये. पण ती कोणाच्या वाट्याला जाते आहे, हे बघता येतं. आणि ज्याला परवडतं त्याने आपला वाटा आपल्याकडे ठेवता येतो. चाचणीत ते मोजलं जात नाही. म्हणूनच ते आपलं आपल्याला बघावं लागतं.

पिशवी मी गॅरेजवर नेऊन दिली. तिथे जुन्या ऑइलचा पिंप असतो, तो न्यायला माणूस येतो. तो पुढे काय करतो हे मी विचारलं. मिस्त्री म्हणाले, "साहेब, आता त्याच्या मागे जाणार का तुम्ही?"

गाडी आता घाट चढते. जोर दिला की ॲपमधला आकडा लगेच दोनशेच्या पुढे जातो. मिस्त्रींच्या अंदाजाने दोन-तीन वर्षांत मॅनिफोल्ड परत भरेल. फोनच्या कॅलेंडरमध्ये तारीख टाकून ठेवली आहे, आणि त्याखाली लिहिलंय, 'हातमोजे आण, दोन जोड्या'. एक बाबांसाठी.

गेल्या महिन्यात पीयूसी काढली. मुलाने नळी घातली, मी ॲक्सिलरेटर दाबला, छापील कागद बाहेर आला. "पास आहे," तो म्हणाला. आमच्या मागे रांगेत एअरपोर्टची एक टॅक्सी होती. तीही पास झाली.